रत्नाची चार मिनिटं

रत्ना, तुझ्या नावाने बँकेने बक्षीस काढलं. रत्नमाला कार्यक्षमता पुरस्कार. दरवर्षी विभागातल्या सगळ्यात वेगवान शाखेला द्यायचा. सोबत शाल, पाटी, आणि पाटीवर तुझा तो मान वाकडी करून हसतानाचा फोटो, जो तुला अजिबात आवडायचा नाही. तू जाऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा विभागीय कार्यालयाची मेल आली. गारखेड्याच्या शाखेत माझ्या टेबलाशी बसून मी ती वाचली आणि मला रडू नाही, संताप आला. तुझाच.

कारण मेलमध्ये खाली आणखी एक परिच्छेद होता. छावणी शाखेने एका ग्राहकामागे चार मिनिटांच्या आत काम करून दाखवलंय, तेव्हा पुढच्या महिन्यापासून विभागातल्या सगळ्या शाखांना तीच मर्यादा लागू होईल. ज्या काउंटरला ती जमणार नाही, तिथल्या कंत्राटी माणसांचा करार पुढे वाढणार नाही. माझ्या शाखेत अशा तिघी आहेत. मेल वाचून झाल्यावर मी मान वर केली तर त्या तिघीही आपापल्या स्क्रीनवर तेच वाचत होत्या. एकीने माझ्याकडे बघितलं. मी पाण्याची बाटली उघडून उगाच पाणी प्यायले.

ती चार मिनिटं खोटी आहेत, हे शहरात मला ठाऊक होतं आणि तुझ्या काउंटरवरच्या लोकांना. तू मला सांगून ठेवलंस आणि निघून गेलीस. आता मी काय करायचं, तेवढं सांगायचं राहिलं.

आपण दोघी एकाच वेळी सरकारी बँकेत लागलो. तू छावणीतल्या शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करत शिकलेली, मी कन्नड तालुक्यातल्या, आलं-मका पिकवणाऱ्या घरातली. पहिल्याच महिन्यात तिथल्या एका जुन्या साहेबांनी तुझं आडनाव दोनदा विचारलं आणि मग “अच्छा, अच्छा” म्हणाले. ते “अच्छा” तू कधी विसरली नाहीस. पुढे कितीही चांगलं काम केलंस तरी कुणीतरी हळूच ‘कोट्यातली’ म्हणायचंच. परीक्षेत माझ्यापेक्षा तुला जास्त गुण होते. मी ते चारचौघांत मोठ्याने सांगायचे, तर तू मलाच गप्प करायचीस. “तू माझी वकिली करू नको. मला करता येती,” म्हणायचीस.

मग सरकारने बँकांवरची बंधनं सैल केली. आपल्या शहरात खासगी बँकांच्या काचेच्या शाखा उघडायला लागल्या आणि अनुभवी माणसं शोधू लागल्या. तू सगळ्यात आधी राजीनामा टाकलास. आम्ही तुला वेड्यात काढलं. पक्की नोकरी, पेन्शन, युनियन, सगळं सोडून तू निघालीस. मीही वर्षभराने तुझ्या मागोमाग त्याच बँकेत आले, पण पगारासाठी. तू गेलीस त्याचं कारण वेगळं होतं. “तिथं स्क्रीन असती, सुनंदा,” तू म्हणालीस. “स्क्रीनवर नुसता आकडा. आडनाव नाय. आकडा चांगला असंल तर साहेबाचा बाप आला तरी मला खाली बसवू शकत नाय.”

यावर आपण वीस वर्षं भांडलो असू. तुला वाटायचं, मोकळीक मिळाली म्हणून कामाची किंमत कळायला लागली. सरकारी बँकेत झोपा काढणाऱ्याला आणि राबणाऱ्याला एकच मोजमाप होतं. माझं म्हणणं, मोकळीक बँकेला मिळाली, आपल्याला कुठे मिळाली? आपल्यावर तर उलट पहारा बसला. कोणती माणसं ठेवायची, किती दिवस ठेवायची, एका बाईकडून तीन बायांचं काम कसं काढायचं, हे ठरवायला तेवढे ते मोकळे झाले. आणि एकदा मी तुला लागेल असं बोलले होते. म्हटलं, तुझ्या लेकीला सरकारी बँकेत तरी हक्काची जागा होती, इथे तिला कोण आत घेणार आहे? तू लगेच उत्तर दिलंस, “तिला हक्काची जागा हवी का मोकळं मैदान, ते ती ठरवील. मी मैदान खरं आहे का तेवढं बघून ठेवते.” मला ते पटलं नव्हतं. पण असं बोलणारी दुसरी मैत्रीण मला नव्हती.

वेरूळला आपली बँकेची सहल गेली होती, आठवतं? कैलासापुढे मी पाय पसरून बसले होते आणि विषय निघाला. मी म्हटलं, “बघ, कुणी हे कोरणाऱ्यांना रोज सकाळी उभं करून विचारत नसेल, आज किती इंच.” तू चिवड्याचा बकाणा भरलेल्या तोंडाने म्हणालीस, “व्हय. आणि त्यांच्यातल्या एकाचं तरी नाव सांग बरं मला.” मला एकाचंही येत नव्हतं. “मला माझं नाव पाहिजे,” तू म्हणालीस. “सगळ्यात वर. सगळ्यांना दिसंल असं.” पुढचा सगळा वेळ तू बौद्ध लेण्यांतून माझा हात ओढत हिंडलीस आणि मी तुझ्या तोंडाला लागले नाही.

तुला ते मिळालंही. छावणी शाखेची मॅनेजर झालीस. आणि तिथेच सगळं अडलं, कारण छावणीत येणारी माणसं त्या स्क्रीनच्या मापाची नव्हती. मापं ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मोबाइलवरून निम्मं काम करून आलेला तरुण गिऱ्हाईक होता. तुझ्याकडे फौजेतले म्हातारे पेन्शनर, त्यांच्या विधवा. कुणाचा अंगठा मशीनला उमटत नाही, कुणाला ऐकू येत नाही, कुणी पासबुकाबरोबर नातवाच्या लग्नाची पत्रिका घेऊन येतो आणि ती वाचून दाखवल्याशिवाय उठत नाही. टोकनचा आकडा पुकारला की घड्याळ सुरू, ‘काम पूर्ण’चं बटण दाबलं की बंद. तेव्हा मर्यादा सहा मिनिटांची होती, तिच्या वर गेलं की विभागात लाल दिसायचं.

सगळ्यात जास्त लाल नसरीनच्या काउंटरला असायचं. पोरगी कामाला हळू नव्हती. तिला दखनी उर्दू येते, म्हणून म्हाताऱ्या तिच्याकडेच रांग लावायच्या. ती कंत्राटावर, नवरा रिक्षा चालवतो, घरात सासू अंथरुणाला खिळलेली. तिचा करार संपत आला तेव्हा तू तिला जवळ बोलावून सांगितलंस, चार मिनिटं व्हायच्या आत बटण दाबून टाक आणि मग बाईचं काम निवांत कर. पुढचं टोकन लगेच पुकारू नको. बस, एवढंच. बघता बघता सगळा काउंटर तसंच करू लागला. विभागात छावणीची शाखा हिरवीगार दिसायला लागली. तू पहिली आलीस, आणि मग दर महिन्याला येतच राहिलीस.

तू एवढी हुशार बाई, पण एक गोष्ट तुझ्या ध्यानात आली नाही. बटण दाबल्यावर पुढे जे काम चालायचं, ते मशीनला दिसायचंच नाही. मशीनच्या हिशेबी तुझी माणसं झटकन काम उरकून अर्धा दिवस हातावर हात ठेवून बसलेली. विभागाने तो रिकामा वेळ बघितला आणि खूश होऊन तुझा एक माणूस काढून घेतला. इतक्या कार्यक्षम शाखेला एवढी माणसं कशाला?

ते सांगायला तू माझ्या घरी आली होतीस. पाणी सुटायचा दिवस होता, मी बादल्या भरत होते आणि तू माझ्या मागे मागे हिंडत बोलत होतीस. नळाला धार जास्त का तुझ्या आवाजाला, असं मी म्हटलं तरी तू हसली नाहीस. मी म्हटलं, आता तरी वर जाऊन खरं सांग. छावणीला वेळ लागतो, माणसं वाढवून द्या, म्हण. तू म्हणालीस, “सांगितलं तर पहिली नसरीन जाईल.” मी म्हटलं, फक्त नसरीनचंच आहे का? तू बादली माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवलीस. “नाय,” म्हणालीस. “माझं पण हाय. इतक्या वर्षांनी माझं नाव वर लागलंय. तेच खोटं होतं म्हणून सांगायला मी कोणच्या तोंडानं जाऊ? ते म्हणतील, बघा, हे लोक असेच.” ‘हे लोक’ म्हणजे कोण, ते तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही.

त्यानंतर काढलेल्या माणसाच्या काउंटरवर तू स्वतः बसायला लागलीस. मॅनेजरचं काम संध्याकाळी, जेवणाचा डबा कधी तीनला, कधी तसाच परत. त्या शनिवारी मी फोन केला. पुन्हा तेच भांडण. मी तावात होते, तूही होतीस. “सुनंदे, गिऱ्हाईक बसलंय माझ्यापुढं. सोमवारी भांडू,” असं म्हणून तू फोन ठेवलास. रविवारी सकाळी तुझ्या नवऱ्याचा, मिलिंदभाऊंचा फोन आला, तू गेलीस म्हणून. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. कामामुळे गेली, असं मी कुठे लिहिणार नाही. तू मला तसं लिहू दिलं नसतंस, आणि मला ते सिद्धही करता येणार नाही. पण माझ्या मनात ते येतं, रोज येतं.

मेल आल्यावर मी आधी विभागीय साहेबांकडे गेले. म्हटलं, घरच्या दुःखात कशाला, कार्यालयातच मिटवावं. तू या माणसाला बरा म्हणायचीस. तसा वाईट नाहीच तो. त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, तुमची भावना समजते. पण सिस्टीमचा आकडा आहे. तुमच्या मैत्रिणीला तुम्ही खोटं ठरवताय, तेही ती नसताना. विचार करा.” मी म्हटलं, माणसं बसवून खरा वेळ मोजा ना एकदा. ते म्हणाले, तेवढी माणसं आहेत कुठे? मग त्यांनी सांगितलं की तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला ते स्वतः येणार आहेत आणि पुरस्काराची घोषणा तिथेच करणार आहेत, सगळ्या शाखांच्या माणसांसमोर. एकदा तिथे तुझ्या फोटोपुढे ते जाहीर झालं की त्याविरुद्ध तोंड उघडायची कुणाची छाती होणार नव्हती. माझीही नाही.

तिथून मी तुझ्या घरी गेले. मिलिंदभाऊंना आधी सांगायचं ठरवून गेले. ते बाहेरच्या खोलीत तुझे फोटो पसरून बसले होते. बँकेने फोटो मागितला होता. “ताई, कोणता देऊ?” त्यांनी मला विचारलं. “तिचं नाव बक्षिसाला लागतंय. आमच्या वस्तीत आजवर असं कोणाचं लागलं नाय. तिनं बघायला पाहिजे होतं.” डोळे भरून आले होते त्यांचे, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा चेहऱ्यावर थोडा आनंद होता. मी तो वाकड्या मानेचा फोटो उचलून दिला आणि घरी आले. तुला आवडत नसलेला फोटो मीच निवडला, हे तुला कळावं म्हणून लिहितेय. त्यात तू सगळ्यात जास्त तू दिसतेस.

पुण्यानुमोदनाला तुमच्या विहारापुढचा मंडप भरला होता. पांढऱ्या साड्या, मेणबत्त्या, बुद्धमूर्तीजवळ तुझा फोटो. छावणीतले म्हातारे काठ्या टेकत आले होते, आपले आपण, कुणी आणलं नव्हतं त्यांना. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. मीही सगळ्यांबरोबर हात जोडून मागे म्हणत होते. इतकी वर्षं तुझ्या घरी येऊन मला ते पाठ झालंय. चौथं शील, खोटं न बोलण्याचं, म्हणताना माझा आवाज फुटेना. शेजारच्या बाईने मला रडू येतंय समजून पाठीवर हात ठेवला. मला रडू येत नव्हतं.

साहेब बोलले. चांगलं बोलले. चार मिनिटं, हिरवी शाखा, सगळ्या विभागासमोर आदर्श. टाळ्या वाजवायच्या का नाही, हे लोकांना कळेना, मग कुणीतरी वाजवल्या. नंतर माझं नाव पुकारलं, जवळची मैत्रीण म्हणून. माइक हातात घेतला तेव्हा पहिल्या रांगेत मिलिंदभाऊ होते आणि त्यांच्याशेजारी तुझी लेक. मी त्यांच्याकडे न बघता बोलले.

म्हटलं, रत्नाने कुणाचंही काम चार मिनिटांत केलं नाही. ज्याला जितका वेळ लागायचा तितका तिने दिला. घड्याळ मात्र ती चार मिनिटांच्या आत बंद करून टाकायची, कारण ते चालू ठेवलं असतं तर तिच्या हाताखालच्या पोरीची नोकरी गेली असती. तिची शाखा वेगवान नव्हती, चांगली होती. तिच्या नावाने बक्षीस द्यायचं असेल तर जरूर द्या, पण तिच्या नावाने बाकीच्यांच्या नोकऱ्या घेऊ नका. एवढंच बोलले. आणखी दोन वाक्यं तयार केली होती, ती आठवलीच नाहीत.

साहेब खुर्चीतून अर्धे उठले आणि म्हणाले, “मॅडम, हा विषय इथे नको.” त्यांचा आवाज शांत होता, पण मान लाल झाली होती. आणि मग मागून, बायकांच्या बाजूने, नसरीन उभी राहिली. मी तिला बोलायला सांगितलं नव्हतं. तुझी शपथ, नव्हतं सांगितलं.

“सर, बटन मैं दबाती थी,” ती म्हणाली. “मॅडम बोले थे दबाव. मेरे वास्ते बोले थे. मॅडम की कुछ गलती नै. और सुनंदा मॅडम सच बोल रै.” एवढं बोलून ती खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. तिच्या शेजारची छावणीतली एक म्हातारी मोठ्याने विचारत होती, काय झालं, काय म्हणली ती, कोणी सांगता का मला? कोणी सांगत नव्हतं.

साहेब जेवायला थांबले नाहीत. सोमवारी मेल आली की चार मिनिटांची मर्यादा तूर्त थांबवली आहे, आणि दोन-तीन शाखांत माणूस बसवून वेळ पाहणार आहेत. माणसं सापडली म्हणायची. पुरस्काराबद्दल मेलमध्ये काही नव्हतं. नसरीनला लेखी खुलासा मागितलाय, मलाही मागितलाय. मी तिला सांगितलंय की दोघी एकदमच जाऊ. माझ्या शाखेतल्या तिघींनी त्या दिवशी माझ्या टेबलावर न विचारता चहा आणून ठेवला. त्यांचं महिनाभराचं तरी निभावलं. पुढचं मला माहीत नाही, रत्ना. तुझं ते खरं मैदान मला अजून कुठे दिसलेलं नाही. पण तू ज्याच्यामुळे सरकारी नोकरी सोडलीस ते ‘अच्छा’ मी ऐकलंय, त्यामुळे तू चुकलीस असंही आता मला पूर्वीसारखं ठासून म्हणता येत नाही. तू असतीस तर म्हटलं असतं.

मिलिंदभाऊ मात्र त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. मला जेवायला वाढलं, पान रिकामं दिसलं की पुन्हा वाढलं, पण बोलले नाहीत. त्यानंतरही फोन उचलला नाही. मला वाटलं, तुझं नाव मी धुळीला मिळवलं म्हणून रागावलेत, आणि तो राग त्यांनी धरावाच.

काल संध्याकाळी ते आले. आत या म्हटलं तर नको म्हणाले, दारातच उभे राहिले. खूप वाळलेत. म्हणाले, “ताई, तुम्ही बोललात ते बरं केलं. मला त्याचा राग नाय. बक्षिसाचं पण काय नाय.”

मग म्हणाले, “दर महिन्याला पहिला नंबर आला की ती येताना मिठाईवाल्याकडनं इमरती आणायची. पोरीला उठवून खाऊ घालायची. मला म्हणायची, मिलिंद, आज बी आपण वर. मी माझ्या शाळेत सगळ्या स्टाफला सांगायचो.” मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तुम्हाला माहीत व्हतं. नसरीनला माहीत व्हतं. मला का नाय सांगितलं तिनं?”

मी म्हटलं, “तिला तुमच्यापुढं लाज वाटली असंल, भाऊ.” ते म्हणाले, “माझ्यापुढं?” एवढंच म्हणाले, आणि तसेच उभे राहिले, जसं काही मी आतून तुला हाक मारून विचारून येणार होते.